अमेरिकन लेखकाचे दोन शेवट

अमेरिकेतला तो लेखक आमच्या घरी आला इंदूरजवळच्या महूच्या रद्दीवाल्याकडून. आजोबा महूला पलटणीतून रिटायर झालेले, आत्या तिकडेच राहायची, आणि तिच्याकडे गेले की मी रद्दीच्या दुकानात ठाण मांडायची. फौजी साहेब लोक बदलीवर निघताना इंग्रजी पुस्तकं किलोच्या भावात टाकून जात. त्यांतलंच त्याचं हे एक, अंतराळयानाचं भडक चित्र आणि अर्धं फाटलेलं कव्हर. मी तेव्हा इंदूरच्या कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकत होते. असलं काही वाचते हे प्राध्यापकांना सांगायची हिंमत नव्हती.

मागच्या पानावर लेखकाची माहिती होती. महायुद्धानंतर कारखान्यात मेकॅनिक, पाळी संपली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मासिकांसाठी भराभर गोष्टी लिहायचा. पुढे कारखाना बंद पडला आणि तो पूर्णवेळ लेखक झाला. 'झाला' म्हणे! नोकरी गेली असं सरळ का लिहीत नाहीत, याचा मला राग आला. त्याच वर्षी बाबांची मिल बंद झाली होती, आणि बाबा काही लेखक झाले नव्हते.

बाबा कापड मिलमध्ये फिटर होते. कुलूप लागल्यावरही पाळीच्या वेळेला गेटपर्यंत जाऊन येत. पेपरात रोज खुल्या बाजाराचे गोडवे, परदेशी कंपन्या येणार, विजय नगरकडे नवं शहर उभं राहणार. आमच्या गल्लीत मात्र धडधाकट माणसं भरदिवसा ओट्यावर बसलेली. बाबांचं एकच म्हणणं, मिल उघडणार. आई म्हणायची, "उघडेल तेव्हा उघडेल, तोवर दुसरीकडे बघा की." दुसरीकडे म्हणजे विजय नगरच्या एका नव्या बिल्डिंगची वॉचमनकी. ओळखीच्या माणसाने विचारलंही होतं. बाबा 'हो' म्हणेनात, आणि त्या एका 'हो'वर आमचं घर अडून बसलं होतं.

संध्याकाळी मी त्यांना या लेखकाच्या गोष्टी मराठीत करून सांगायची. राजे नाहीत, सेनापती नाहीत. कुठल्याही ग्रहावर जा, याचा नायक हातात पाना घेतलेला माणूस. बाबांना त्यातली एक फार आवडली. दूरच्या ग्रहावरची खाण सोडून कंपनी निघून जाते, एक मेकॅनिक मागे राहतो आणि बंद यंत्रांना वर्षानुवर्षं तेलपाणी करतो. शेवटी यान उतरतं, कंपनी परत येते, खटका दाबताच सगळं सुरू होतं. ही गोष्ट त्यांनी इतक्यांदा सांगायला लावली की आई वैतागली. "त्या अमेरिकन भियाला म्हणावं, आमच्या मिलचं पण बघ जरा."

अनंत चतुर्दशीला इंदुरात मिलच्या झांक्या निघतात, हलत्या पुतळ्यांच्या गाड्या, दिव्यांनी लखलखलेल्या. मिल्स बंद पडल्या तरी कामगारांनी झांक्या सोडल्या नाहीत. ज्या मिलने वाऱ्यावर सोडलं तिच्याच नावाने वर्गणी काढून गाडी सजवायचे. आम्ही बौद्ध, घरात गणपती नाही, पण आमच्या मिलच्या झांकीत राक्षसाची मान फिरली की समजावं, गिअर बाबांचे. या कामापुरतं मिलचं आवार उघडून देत. त्या वर्षी बाबांनी हट्टच धरला, यंदा ही गोष्ट दाखवायची. कमिटीवाले म्हणाले, "भिया, इसमें भगवान किधर है?" शेवटी तडजोड झाली. परग्रहावर विश्वकर्मा बसले, आणि त्यांच्यापुढे मिलमधला खराखुरा, चालता माग.

एका मागासाठी आत गेलेले बाबा सबंध रांगच साफ करत सुटले. गंज खरवडला, पट्टे ताणले, तेल घातलं.

"बाबा, एकच पाहिजे होता ना तुम्हाला?" मी विचारलं.

"बेटा, मिल चालू झाल्यावर टाइम नाही भेटणार. तेव्हा कोण फालतूची धावपळ करेल?"

त्याच दिवसांत महूला मला त्या लेखकाचं म्हातारपणीचं पुस्तक सापडलं. प्रस्तावनेत त्याने स्वतःच लिहिलं होतं की तो गोड शेवट संपादकाने मागितला आणि घरात लेकरं होती म्हणून त्याने दिला. इथे त्याने आपला मूळ शेवट छापला होता. यान येतं, मेकॅनिक धावत सुटतो, यान न उतरता डोक्यावरून निघून जातं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तेल घालायला जातो. मला रडू आलं आणि लेखकाचा संतापही आला. मग आधी खोटं कशाला लिहिलंस, मेल्या?

वॉचमनकीची जागा अजून रिकामी होती, म्हणून मी हा शेवट बाबांना मुद्दाम सांगितला. ते म्हणाले, "बुढापे में आदमी चिडचिडा होतो. पहिले लिहिलं तेच खरं." आणि सायकल काढून मिलला गेले.

झांकी तोंडावर आली असताना एका दुपारी मी बाबांचा डबा घेऊन मिलमध्ये गेले, तर आवारात मोटार उभी होती. सरकारी साहेब, आणि बरोबर बाहेरगावचे दोन शेठ. बाबांचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. त्यांनी झांकीसाठी आणलेला जनरेटर लावून एक माग चालवून दाखवला, मग दुसरा. "पूरी लाइन ओके है साहब. आप बोलो तो कल से कपड़ा निकाल दूँ."

पलीकडच्या खात्यातले गंजलेले माग त्यांतल्या एका शेठने लांबूनच पाहिले होते. इथे त्याने लोखंडावरून बोट फिरवलं. "हम तो कबाड़ समझ के आए थे," तो साहेबाला म्हणाला, "ये तो चालू माल है. ये लाइन उठा लेंगे, बाकी पड़ा रहने दो." आणि बाबांकडे वळून, "बढ़िया काम किया, उस्ताद."

बाबा हसून मान डोलावत राहिले. 'उठा लेंगे' म्हणजे काय, हे त्यांच्याआधी मला कळलं. यान येईल किंवा येणार नाही, एवढंच त्या अमेरिकन शहाण्याला सुचलं होतं. यान येईल आणि यंत्रं चकचकीत आहेत म्हणून तीच उचलून नेईल, हे त्याच्या दोन्ही शेवटांत नव्हतं.

अनंत चतुर्दशीला झांकी निघाली. माग चालू होता, विश्वकर्म्यासमोर कापड विणलं जात होतं, लोक हात जोडत होते, असं शेजारी सांगत आले. दरवर्षी गाडीबरोबर चालणारे बाबा घरातच होते. ढोल जवळ आले तशी आई म्हणाली, "अहो, जा की, तुमची गाडी येतेय."

बाबा उठले नाहीत. "विजय नगरवाल्याला निरोप दे, येतो म्हणून," ते म्हणाले.

आईने आनंद मानावा की रडावं, तिला कळेना. ती नुसती "बरं" म्हणाली. ढोल आमच्या गल्लीच्या तोंडावरून पुढे गेले, तेव्हा बाबा पुन्हा बोलले, आमच्यापैकी कुणाकडेच न बघता.

"गंजू द्यायला पाहिजे होते."