गालात बसलेली गोळी

एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षी मी गालाच्या आत चिकटून राहणारी गोळी तयार करत होते. माझं औषध पाण्यात धड विरघळायचं नाही. गिळलं तर बरंचसं वाया जायचं. ते विरघळेल अशा रूपात आणून, चिकट पॉलिमरमध्ये घालून गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवायचं, म्हणजे तिथूनच हळूहळू रक्तात उतरेल, असा बेत. कॉलेजात चाचणी बकऱ्याच्या गालाच्या आतल्या त्वचेवर व्हायची. ती मी मंगळवार पेठेतल्या मटणाच्या दुकानातून डब्यात आणायचे.

पण गोळी टोचते का, बोलताना सरकते का, हे बकरं कसं सांगणार? म्हणून एका रविवारी औषध न घातलेल्या कोऱ्या गोळ्या घेऊन आम्ही तिघी मैत्रिणी आमच्या घरी बसलो. एकीलाही जमेना. कुणाची जिभेवर यायची, कुणाची बोटालाच चिकटायची.

बाबांनी पेपर बाजूला ठेवला. "आण की इकडं. एवढं काय हाय त्यात?"

बाबा निवृत्त हेडमास्तर. व्यसनमुक्तीवरची त्यांची भाषणं शाळेत गाजलेली. त्यांनी बोटानं गाल ओढला आणि गोळी सहज आत दाढेपाशी सरकवली.

"काका, रोजची सवय असल्यागत ठेवली की," एक मैत्रीण हसून म्हणाली.

गोळी नीट बसली का बघायला मी मोबाईलचा टॉर्च धरला. गालाच्या आत पांढरा, खरबरीत चट्टा होता. तंबाखू गालात धरणाऱ्यांचे असे चट्टे मी पुस्तकात पाहिले होते. माझ्या खांद्यावरून मैत्रिणींनीही पाहिलं.

मी टॉर्च विझवला आणि काहीतरी निमित्त काढून दोघींना वाटेला लावलं. बाबांच्या तोंडात काय वाढतंय, याआधी माझ्या मनात आलं ते या पोरी कॉलेजात काय सांगतील, हे. त्याची लाज मला आजही वाटते.

बाबा खाली बघत म्हणाले, "तुझ्या आईला ठाऊक न्हाय."

"ठाऊक हाय मला," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटीवरून दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर त्यांचेच जुने विद्यार्थी निघाले. "सर, तंबाखू?" त्यांनी हळूच विचारलं. बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग मान हलवली.

तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता. तंबाखू सुटली, पण शाळेतून व्यसनमुक्तीवर बोलायचं बोलावणं आलं की बाबा अजून म्हणतात, "बरं वाटत न्हाय म्हणून सांग."