तोलून घेतलेली लेन्स

वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात चंद्रभानभाऊंनी उभा जन्म काढला आणि त्यातून एक शास्त्र पक्कं केलं: जड तो माल खरा. पंख्याचं खोकं नुसतं हातात घेऊन आत तांबं किती आहे ते सांगायचे. बाजारात कढई घेतली तरी आधी तळहातावर झेलून बघणार. जावई शोधायला गेले तर त्यालाही उचलून पाहतील, असं त्यांची बायको जयवंताबाई सगळ्यांना सांगायची.

गोदामात त्यांच्याकडे आणखी एक काम असे. माल फुटून आला की भरपाईसाठी त्याचे फोटो काढायचे. शेठनं त्यासाठी कॅमेराही घेतला होता. मोबाईल आले, कॅमेरा कपाटात गेला, आणि निवृत्तीच्या दिवशी शेठनं शाल-नारळासोबत तो भाऊंच्याच हाती दिला. भाऊंची फोटोग्राफी म्हणजे एवढीच: फुटकं खोकं, चारही बाजूंनी, लेबल दिसेल असं.

आता मात्र त्यांना वेगळाच फोटो हवा होता. त्यांची पोरगी काजल मेट्रो चालवायला लागली होती, आणि तेव्हापासून भाऊंचे पाय जमिनीला लागत नव्हते. चहावाला, दाढीवाला, पिठाच्या गिरणीवाला, सगळ्यांना सांगून झालं, काहींना दोनदा. पण गावाकडच्या एका लग्नात त्यांचे थोरले भाऊ महादेवराव चारचौघांत म्हणाले, “पोरगी काहून गाडी चालवन गा? तिकिटा देत असन.” लोक हसले. भाऊंच्या घशात बुंदी अडकली, आणि फोटोच आणून दाखवतो असं ते बोलून बसले.

बोलणं सोपं होतं. केबिनमध्ये काजल मोबाईल नेत नसे, आणि गाडी जाते उंच पुलावरून. हिंगणा रोडवर, बन्सीनगरात त्यांच्या दोस्ताची, केशवची गच्ची अगदी रुळांच्या उंचीवर होती. तिथूनही कॅमेऱ्याच्या मूळ लेन्समधून काजल मसुरीच्या दाण्याएवढी दिसे. मसुरीचा दाणा महादेवरावांपुढे कसा ठेवणार? खरं सांगायचं तर महादेवरावांचं निमित्त होतं. आपली पोरगी गाडी चालवताना कशी दिसते, हे भाऊंनीच अजून डोळे भरून पाहिलं नव्हतं.

म्हणून ते बर्डीवरच्या बाजारात गेले. जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात चारुशीलाताई बसायच्या, कमी बोलणाऱ्या आणि बोलल्या की ठसक्यात बोलणाऱ्या. लांबचं जवळ आणणारी लेन्स पाहिजे, पण परवडणारी, एवढं भाऊंनी सांगितलं. ताईंनी काचेवर दोन लेन्सा ठेवल्या. एक जुनी, धातूची, चांगली दणकट, आणि लांबचं जवळ आणायची ओढ जरा जास्त. दुसरी प्लास्टिकची, ओढ थोडी कमी, पण हात हलला तरी चित्र धरून ठेवणारी सोय तिच्या पोटात. ताईंनी दुसरीच घ्या म्हटलं. लांबचं चेहऱ्याएवढं दिसायला लागलं की हाताची थरथरही तेवढीच मोठी होते, हेही समजावलं.

भाऊंनी दोन्ही लेन्सा दोन तळहातांवर घेतल्या, डोळे मिटले आणि तराजूसारखे हात वर-खाली केले.

“काका,” ताई म्हणाल्या, “लेन्स घेऊन राहिले का वरवंटा?”

भाऊंनी वरवंटाच घेतला. नाही पटली तर बदलून देईन, असं ताईंनी पैसे घेतानाच सांगून ठेवलं. त्यांना गिऱ्हाईक कळत होतं.

दुसऱ्या दिवशी गच्चीवर जत्राच भरली. केशवच्या घरचे, शेजारचे, शिवाय जयवंताबाई पोह्यांचा डबा घेऊन. काजलची गाडी वळणावर दिसली. भाऊंनी ती तोफ डोळ्याला लावली. जन्मभर खोकी उचललेले हात, त्यात आनंदानं वेडं झालेलं काळीज; कॅमेरा असा थरथरायला लागला की गाडी काचेत नाचतच होती. भाऊंनी सपाटून बटण दाबलं. गाडी गेली आणि सगळे पडद्यावर वाकले. निळं, पांढरं, आणि मधे एक फराटा.

“पोरगी लय जोरात चालवते गा,” केशव समजूत घालत म्हणाला.

भाऊ नाक मुठीत धरून बर्डीवर परतले. ताईंनी वरवंटा परत घेऊन प्लास्टिकची लेन्स पुढे केली, तेवढी दया पुरे होती. इतकी हलकी वस्तू घेताना आपण रिकामं खोकं घेऊन चाललोय असंच त्यांना वाटत राहिलं. ऊन पाठीवर घ्या आणि कोपरं छातीला टेकवा, असं ताईंनी निघताना सांगितलं.

या वेळी गच्चीवर फक्त जयवंताबाई. सकाळचं ऊन पाठीवर. गाडी वळणावरून आली, भाऊंनी कोपरं टेकवली, श्वास धरला, आणि काचेत काजल उभी राहिली. ठिपका नाही, दाणा नाही, त्यांची काजल. नजर सरळ रुळांवर, हात समोरच्या दांड्यावर, आणि ओठांच्या कोपऱ्यातून जिभेचं टोक बाहेर. लहानपणी गोदामाच्या अंगणात भाऊ तिला सायकल शिकवायचे, तेव्हाही ती अशीच जीभ काढायची. बटण दाबल्यावर भाऊ खाली बसले आणि हसता हसता रडायला लागले. जयवंताबाईंना आधी वाटलं, पुन्हा फराटा आला.

मोबाईलवरून फोटो दुपारपर्यंत गावात पोचला. महादेवरावांचा निरोप आला, “जयभीम. पोरगीच चालवून राहिली बाप्पा.” संध्याकाळी काजल घरी आली ती तणतणतच.

“बाबा, काढून टाका तो. जीभ बाहेर आहे माही. येड्यासारखी दिसून राहिली मी.”

“राहू दे वं,” भाऊ म्हणाले. “तू अशीच चालवते.”

जेवण झाल्यावर त्यांनी कॅमेरा पुन्हा मांडीवर घेतला आणि जुन्या सवयीनं फोटो चारही बाजूंनी तपासला. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून. कुठेच काही फुटलेलं नव्हतं. त्या कॅमेऱ्यातून असा फोटो त्यांनी पहिल्यांदाच काढला होता.