भाईदास वाकून ऐकतो

नवागामच्या वेल्डिंगवाल्यांकडे आर्गन गॅसचे बाटले, म्हणजे सिलिंडर, पोचवणारा भाईदास बाटला उतरवला की आधी वाकायचा. व्हॉल्व्हपाशी कान न्यायचा, डोळे मिटायचा, मग मान हलवायचा. "बराबर." गिऱ्हाईक खूश. आर्गनला वास नाही, रंग नाही. गळतोय हे सांगणारा फक्त एक बारीक ‘सुस्स’ आवाज, आणि तो भाईदासला कधीच ऐकू आला नव्हता.

अमळनेरकडचा हा माणूस इथं येऊन बावीस वर्षं कापडाच्या लूमवर उभा राहिला, बारा-बारा तास त्या खटखटाटात. कानात घालायला कापसाचा बोळासुद्धा कोणी दिला नाही. कान गेले तेव्हा 'बहिरा' म्हणून हाकललं मात्र तत्परतेनं. भाईदास ओठ वाचायला शिकला आणि गॅसवाल्या शेठला म्हणाला, कान शाबूत आहेत. टेम्पो मिळाला. बायको पुष्पाबाईनं साबणपाण्याची बाटली सोबत दिली. व्हॉल्व्हला फेस लावायचा, बुडबुडा आला की गळती. एकदा हमालांनी पाहिलं. "काय भाईदास, बाटल्याला न्हाऊमाखू घालतो का?" तेव्हापासून तो फेस आडोशालाच लावायचा. आडोसा नसला की नुसताच वाकायचा.

मे महिन्यात पर्वत पाटियाजवळच्या एका इमारतीच्या तळघरात योगराज स्टीलचं रेलिंग जोडत होता. नवागामचाच, तिशीतला, तोंडाचा फटकळ. बाटला खाली नेताना शेवटच्या पायरीवर भाईदासच्या हातून निसटला आणि व्हॉल्व्ह भिंतीवर आदळला.

ग्राइंडर चालूच ठेवून योगराज म्हणाला, "काका, कान लावा जरा. तुमचे कान लई तिखट म्हणे. माझ्या कानांत तर नुसती घूंऽऽ भरलीय."

वॉचमन पायरीवर बसून बघत होता. साबणाची बाटली वर टेम्पोत होती. भाईदास वाकला, डोळे मिटले, मान हलवली. "बराबर."

जेवून योगराज तिथंच गार फरशीवर आडवा झाला. आर्गन हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, श्वासाची हवा वर ढकलतो. चार वाजता वॉचमन उठवायला गेला, तर योगराज उठला नाही.

सगळे म्हणाले, अटॅक. शेठनं संध्याकाळीच बाटला परत आणायला लावला. भाईदासनंच उचलला. रेग्युलेटरही न लागलेला, वापरलाच नसलेला भरला बाटला हाताला हलका लागला. वजन तर हातांना कळतं. शेठनं व्हॉल्व्ह बदलला, बाटला भरून दुसऱ्याच्या दारात पाठवला आणि भाईदासला म्हणाला, "एने हार्ट हतुं. तारे वच्चे शुं काम पडवुं?" त्याचं हृदयच कमजोर होतं, तू कशाला मध्ये पडतोस.

योगराजची बायको चंचल भरपाई मागायला रेलिंगच्या कामाच्या ठेकेदाराकडे गेली. तो चहा पीत म्हणाला, "बाई, गॅस कुठला? भाईदासनं कान लावून दिलाय बाटला. वॉचमन साक्षीला आहे."

तेच तिनं येऊन भाईदासला सांगितलं. वरून हातही जोडले. "काका, तुम्ही ऐकलं होतं, म्हणजे गॅस नसंलच. माझंच नशीब."

 घरी पुष्पाबाईनं भाईदासचा चेहरा पाहूनच ओळखलं.

"तुम्ही सांगी दिधं तर आपण खासूत काय? जेलमा टाकतीन तुमले."

"मंग चंचल काय खाई?"

पुष्पाबाई चुलीकडे वळली. तिचे ओठ दिसेनासे झाले, मग ती काय म्हणाली ते त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो चंचलला घेऊन पोलीस चौकीत गेला. शेठचा माणूस आधीच दारात उभा. जमादार कागदावर मान घालून लिहीत होता. मध्येच पेन थांबलं. काहीतरी विचारलं असावं. चंचल भाईदासकडे बघू लागली. सवयीनं त्याची मान हलायला लागली, ती त्यानं आवरली.

"साहेब, तोंड वर करून बोला. मला ऐकू येत नाही. त्या दिवशीही येत नव्हतं."