कडूमामा

कडूमामांची जीभ कायम हिरवट असायची. शेळ्यांमागे फिरताना दिसेल तो पाला ते तोंडात टाकत, डोळे मिटून चावत आणि त्याची चव पारखत. नात्यानं ते माझ्या आईचे भाऊ. पण आमच्या डोंगरकडा गावात लहानथोर सगळे त्यांना कडूमामाच म्हणत.

दवाखान्याचं नाव निघालं की ते उठून जात. मामीला पोटदुखीसाठी शहरातल्या एका दवाखान्यात नेलं होतं. मामा बाहेर बाकावर बसून राहिले आणि सकाळी मामीला झाकूनच बाहेर आणलं. "काय झालं व्हतं, ते मला आजवर कोणी सांगितलं न्हाई," एवढंच ते म्हणत. त्यानंतर त्यांनी कधी गोळी घेतली नाही.

झाडपाल्याचं जे करून बघायचं ते आधी स्वतःवर. गुडघा धरला म्हणून एकदा त्यांनी रुईचा चीक चोळला. कातडी भाजल्यासारखी फोडांनी भरली. मी रागावले, तर फोडांवर फुंकर घालत म्हणाले, "बरं झालं, आता हे दुसऱ्या कोणाला सांगायचं न्हाई." लोक औषध मागायला येत, त्यातल्या अर्ध्यांना ते परत पाठवत. "मी आजून घेऊन बगितलं न्हाई. तुमाला कसं देऊ?"

माझी लेक चिमी तापानं फणफणली, तेव्हा मी त्यांच्याकडेच धावले. त्यांनी तिच्या मानेखाली हात घातला. मान ताठ झाली होती.

"जावईबापूला गाडी काढाया सांग. कळमनुरीला चला."

"पण मामा, तुमचा काढा..."

"येडी हायेस का? लेकरावर औषद बगून राहायचं असतं व्हय?"

ते सोबत आले, पण दवाखान्याच्या फाटकाबाहेरच उभे राहिले. वेळेत नेली म्हणून चिमी वाचली.

पुढे त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. साखर वाढल्याचं गावातल्या शिबिरात कळलं होतं. त्यावर ते जांभळाच्या बियांची पूड खात. जखमेवर हळद झाली, कोरफड झाली, कसकसले पाले झाले. अंगठा काळा पडला. मी आणि त्यांचा मुलगा संभा हात जोडून बसलो, तरी त्यांचं एकच, "थांबा रे, बगून राहिलो." शेवटी ताप चढला, वास घरात मावेना, तेव्हा दवाखान्यात न्यायला त्यांनीच मान डोलावली. नांदेडला पाय गुडघ्याखाली कापला. पण विष अंगभर भिनलं होतं.

वॉर्डात संभा तरुण डॉक्टरच्या अंगावर धावून गेला. "घरी ठेवलं असतं तर जगला असता माझा बाप!"

मामांनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं. आवाज क्षीण होता, तरी शेजारच्या खाटेपर्यंत ऐकू गेला.

"संभा, पाय माझा मीच सडवला. काहून कापावा लागला, ते या डाक्टर पोरानं काल हितं बसून मला समदं समजावलं. तुझ्या मायच्या वक्ताला कोणी असं बसलं न्हाई, म्हणून मी समदा जलम रागात काढला. तू नको काढू."

संभा खाटेच्या दांडीवर डोकं टेकून रडला. त्याच आठवड्यात मामा गेले.

आता शेळ्या संभाच बघतो. त्यालाही साखर निघाली आहे. कळमनुरीच्या सरकारी दवाखान्यात तो नेमानं जातो आणि हातातली गोळी कशाची, ती काय करते, हे डॉक्टरांना विचारतो. मागे रांग कुरकुरते. नीट कळेपर्यंत तो स्टुलावरून उठत नाही.