रोज अकराला बंद पडणारी साइट

आमच्या घरी कोसा रेशमाच्या साड्यांचं काम. वडील मागावर विणत, आत्या धाग्याच्या कांड्या भरत असे. कॉलेज संपवून मी भंडाऱ्याला परतले आणि साड्यांची वेबसाइट केली. ती एकदा दोन दिवस बंद होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. लाखनीच्या एका दुकानदारांनी फोन करून सांगितलं. मला ते लागलं.

मग मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती माझ्या लॅपटॉपवरून दर पाच मिनिटांनी साइट उघडून पाहायची. उत्तर आलं नाही तर शिट्टी वाजवायची.

पहिल्याच दिवशी अकराला शिट्टी वाजली. ब्राउझरमध्ये पाहिलं, साइट खरंच उघडेना. अर्ध्या तासानं आपोआप सुरू. दुसऱ्या दिवशीही तेच. आमची साइट ज्यांच्या सर्व्हरवर होती, त्या नागपूरच्या होस्टिंगवाल्यांना मी फोन लावला.

"ताई, माझ्याकडे त चालू दिसून राहिली."

"मग मी काय खोटं बोलते?"

त्यांच्यावर जरा जास्तच चिडले.

तिसऱ्या दिवशी स्क्रिप्ट जास्त वेळ थांबेल आणि तीनदा प्रयत्न करेल असं केलं. शिट्टी वाजलीच, फक्त उशिरा. चौथ्या दिवशी तिला एक बातम्यांची साइटही तपासायला लावली. अकराला दोन्ही बंद! बातम्या कशा बंद पडतील? तेव्हा कुठे उठून पडवीत राउटर पाहायला गेले.

राउटरचा प्लग खिडकीत पडला होता. त्याच्या जागी आत्याचं कांडी भरायचं मशीन घरघरत होतं. माझा लॅपटॉप मात्र बॅटरीवर मजेत चालू.

"आत्या, हा प्लग काहून काढला?"

"मंग मशीन कुठं लावू? एकच त बोर्ड हाये. काम झालं का लावूनच त ठेवते रोज!"

मी तिथेच बसून हसत सुटले. संध्याकाळी एक्स्टेन्शन बोर्ड आणला. स्क्रिप्टमध्येही बदल केला: आधी आपलं नेट चालू आहे का ते पाहायचं, मगच साइटला दोष द्यायचा.

होस्टिंगवाल्यांची माफी मागितली. ते खो खो हसले. "ताई, तुमच्यापायी मी रोज अकराले तुमच्याच साड्या पाहून राहिलो. ती हिरव्या काठाची हाये का अजून? आईले लय आवडली."

ती साडी होती. पाठवायला काढली तेव्हा वडिलांनी तिची घडी मला घालू दिली नाही. स्वतःच घातली, दोनदा.