पाटी असलेली खोली

अमेरिकेत पार्सिपनीच्या आमच्या ऑफिसात ती माझ्या शेजारी बसायची. मूळची नागपूरची. सरळ साधं वाक्यही विचारल्यासारखं बोलायची, "मी जेवायला जाते, चालेल ना?"

बाळ चार महिन्यांचं असताना ती कामावर परतली. दूध काढून ठेवायला आयांसाठी स्वतंत्र खोली आहे, असं कंपनीच्या नियमांत लिहिलं होतं. दारावर तशी पाटीही होती, पण आत जुने मॉनिटर रचलेले होते. म्हणून ती पंपाची बॅग घेऊन बाथरूममध्ये जायची. मी एकदा म्हटलं, "कम्प्लेंट कर." ती म्हणाली, "व्हिसा रिन्यू व्हायचाय ना, ताई."

त्या मंगळवारी मीटिंग लांबली. तिने दोनदा ब्रेक मागितला. मॅनेजर "फक्त पाच मिनिटं" म्हणून पुढे बोलत राहिला. तिच्या शर्टावर ओला डाग पसरू लागला. मला तो दिसला आणि मी नजर लॅपटॉपवर वळवली.

तिने खांद्यावरचा स्टोल पुढे ओढून घेतला, बॅग टेबलावर ठेवली आणि पंप सुरू केला. त्याची घरघर सगळ्यांना स्पष्ट ऐकू येऊ लागली.

"ती खोली रिकामी होईपर्यंत मी इथेच करेन," ती इंग्रजीत म्हणाली. "तुमचं चालू द्या."

दुपारी मॉनिटर हलवले गेले. चार वाजता तिला एचआरचं बोलावणं आलं. ती माझ्याकडे वळली.

"ताई, तुम्ही सोबत याल?"

माझं ग्रीन कार्ड केव्हाच झालं होतं. तरी मॅनेजर बघत नाही ना, हे पाहूनच मी "हो" म्हटलं.