आमच्या लॅबमधले चमकणारे मणी

लॅबमध्ये प्रत्येक गोष्टीची नोंद होते. कोणती बाटली कधी उघडली, फ्रीजचं तापमान किती, मायक्रोस्कोपचा दिवा किती तास चालला. गमतीजमतींची वही मात्र कोणी ठेवत नाही, म्हणून त्या चहाच्या टेबलावर साठत जातात. मी जळगावच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रोज नशिराबादहून बसने येते. आमच्याकडच्या निम्म्या गोष्टी एकाच छोट्या बाटलीभोवती जमल्या आहेत, म्हणून आधी ती बाटली सांगते.

बाटलीत पाण्यासारखं पातळ दूध असावं असं काहीतरी दिसतं. ते दूध नसतं. प्लॅस्टिकचे अगदी बारीक मणी असतात, डोक्याच्या केसाच्या जाडीत पन्नासेक शेजारी शेजारी बसतील एवढे. मायक्रोस्कोपमध्ये निळा प्रकाश टाकला की ते हिरवे चमकतात. एका थेंबात मोजता येणार नाहीत इतके.

*

पहिली बाटली बर्फाच्या डब्यातून आली तेव्हा ती आबांनी उतरवून घेतली. आबा आमचे लॅब अटेंडंट, मूळचे धुळ्याकडचे, अहिराणी सोडून दुसरं काही मनापासून बोलत नाहीत. बाटली फ्रीजमध्ये ठेवायची होती. आबांनी ती वरच्या कप्प्यात ठेवली, जिथे बर्फ होतो.

सोमवारी आमच्या लॅबच्या प्रमुख बोरोले मॅडमनी बाटली काढली तर आत खडा. हे मणी एकदा गोठले की एकमेकांना चिकटतात, मग ते कामाचे राहत नाहीत. दोन महिने वाट पाहून आलेली बाटली होती. मी आबांकडे बघायचं टाळत होते.

आबा म्हणाले, "कागदवर थंडं ठेवा लिखेल व्हतं. मी आखो थंडं ठेवं."

आणखी थंड तर आणखी चांगलं, असा त्यांचा हिशोब. मॅडमनी एक थेंब काचेवर घेतला, मायक्रोस्कोप लावला आणि आबांना स्टुलावर बसवलं. बावीस वर्षं आबांनी तो मायक्रोस्कोप पुसला होता, आत कधी पाहिलं नव्हतं. बराच वेळ ते डोळा लावून बसले.

"हाई ते केळीस्ना घड शेतस," ते म्हणाले.

खरंच तसंच दिसत होतं. ती बाटली आम्ही टाकली नाही. नव्या विद्यार्थ्यांना 'मणी गोठवल्यावर काय होतं' हे दाखवायला ती अजून वापरतो, आणि दाखवायचं काम आबांकडेच आहे.

*

वैशाली फैजपूरची, वडिलांची केळीची बाग. संशोधनासाठी आमच्याकडे आली तेव्हा पहिल्या आठवड्यात मॅडम गावाला होत्या. मी तिला मण्यांची स्लाइड लावून दिली आणि माझ्या कामाला लागले.

थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, "ताई, हे हालताहेत."

मी म्हटलं, "हालणारच." तेवढ्यात फोन आला आणि पुढचं सांगायचं राहून गेलं.

तिने वहीत लिहिलं, बाटलीत जंतू झालेत. दुसऱ्या दिवशी स्पिरिट घालून पाहिलं. तरी हालत होते. तिसऱ्या दिवशी थेंब गरम केला, तर जास्तच वळवळायला लागले. चौथ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा वैशाली रडवेली झाली होती. संशोधनाची सुरुवातच आपण बाटली नासवून केली, असं तिने धरलं होतं.

"मॅडम, मी सगळं करून पाहिलं. हे मरतच नाहीत."

मॅडमनी डोळा लावला. "अगं, पण हे जिवंत कधी होते?"

मग त्यांनी समजावलं. पाणी आपल्याला स्थिर दिसतं, पण त्याचे कण सतत धावत असतात. मणी इतका हलका की चहूकडून त्यांचे धक्के खातो आणि थरथरतो. गरम केलं की धक्के वाढतात. वैशालीने वहीतलं 'जंतू' खोडलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं, कारण तिच्या नकळत तिने प्रयोग अगदी बरोबर केला होता.

*

एकदा मणी शेपटीवाले दिसायला लागले. गोल ठिपक्याऐवजी प्रत्येकाला डावीकडे एक फिकट फराटा. मायक्रोस्कोप बिघडला होता हे नक्की, पण काय बिघडलं ते कळेना. कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून यायला दीड महिना लागणार होता आणि वैशालीचा अहवाल वीस दिवसांवर आला होता.

सलीमभाईंना बोलवा, असं आबांनीच सुचवलं. सलीमभाई जळगावच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करतात, शाळांचे साधे मायक्रोस्कोपही. इतका मोठा त्यांनी उघडला नव्हता. ते आले, आधी काहीच उघडलं नाही. नुसतं पाहिलं.

"हे जे दिसतंय, ते असलमध्ये कसं आहे?"

"गोल," मॅडम म्हणाल्या.

"पक्कं गोल?"

"पक्कं."

"मग काम सोपं आहे. शाळेत काय होतं, कांद्याची साल दाखवतात. साल वाकडी की काच वाकडी, मला कसं कळणार? हा मणी खोटं बोलत नाही."

त्यांनी लेन्स काढून खिडकीकडे धरली, स्वतःच्या घड्याळ दुरुस्तीच्या भिंगातून पाहिली. एका कडेला, स्लाइडवर लावतात ते तेल वाळून पापुद्रा धरला होता. कापसाच्या बोळ्याने दहा मिनिटं पुसत बसले. लेन्स परत लावली तर शेपट्या गेल्या होत्या.

मॅडमनी काय द्यायचं विचारलं. सलीमभाई म्हणाले, "त्या मण्यांची एक स्लाइड द्या." आता ती त्यांच्या पेटीत असते. एरंडोलपासून चोपड्यापर्यंत कुठल्याही शाळेत गेले, की आधी ती लावतात.

*

रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाहेरचं काही दिसलं की ते गिळतात. ते पाहायला मणी फार चांगले, कारण पेशीच्या पोटात गेल्यावरही चमकत राहतात. किती गिळले, ते मोजता येतं.

त्या दिवशी रक्त आबांचं होतं. त्यांनी स्वतःहून बोट पुढे केलं होतं. जेवणाचे डबे तसेच उघडे ठेवून आम्ही सगळे स्क्रीनपुढे उभे. एक पेशी मण्याकडे सरकली, थांबली, तिने एक हात काढल्यासारखा केला आणि मणी आत घेतला.

आबांनी विचारलं, "आते काय करी ती?"

"पचवायला बघेल," वैशाली म्हणाली. "पण प्लॅस्टिक आहे, पचणार नाही."

आबांना ते पटलं नाही. "मना रगतले कळत नही का, हाई खावानी चीज नही शे म्हणीन?"

मॅडम म्हणाल्या, "खायचं की नाही, ते कळत नाही आबा. आपलं नाही, एवढं कळतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूप उघडायच्या आधी आबांनी वैशालीला दारातच गाठलं. "मणी सोडी दिधा का तिनी?"

*

एका पावसाळ्यात वैशाली तिसऱ्यांदा आजारी पडली. पोट बिघडायचं, दोन दिवसांत बरं वाटायचं, पुन्हा तेच. तिच्या होस्टेलच्या आणखी सात-आठ मुलींचं तसंच. एकीला सलाईन लावावं लागलं. वॉर्डनबाईंचं म्हणणं, मुली बाहेर पाणीपुरी खातात, होस्टेलचा फिल्टर नवा आहे.

मॅडम म्हणाल्या, "फिल्टर एक दिवस आम्हाला द्या."

वॉर्डनबाई स्वतः फिल्टर घेऊन आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. आमचे मणी आकाराने जंतूंएवढेच. जो फिल्टर जंतू अडवतो, त्याने मणीही अडवले पाहिजेत. वरून मण्यांचं पाणी सोडलं, खालून निघालेलं पाणी मायक्रोस्कोपखाली ठेवलं. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके, चांदण्या पसराव्यात तसे.

वॉर्डनबाईंनी नीट पाहिलं. "हे तुम्हीच टाकलेत ना? मग तुमचेच निघाले."

"हो," मॅडम म्हणाल्या. "पण ते आत राहायला हवे होते."

आबांनी फिल्टर खोलला. आतली रबरी रिंग एका बाजूला दुमडली होती आणि पाणी गाळणीला वळसा घालून सरळ खाली येत होतं. त्यांनी रिंग बसवली, फिल्टर धुऊन काढला, पुन्हा तोच प्रयोग केला. या वेळी पडदा काळाच राहिला. आम्ही तीन थेंब पाहिले, तिन्ही काळे. काहीच न दिसल्याचा एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता.

मण्यांची गाळणी अर्थात होस्टेलला परत दिली नाही. नवी बसवली, रिंग तपासून. मुलींची पोटं सावरली. आठवडाभराने वॉर्डनबाई पुन्हा दारात. या वेळी हातात त्यांच्या घरचा फिल्टर होता.

*

आता गेल्या हिवाळ्यातलं. पालकांना लॅब दाखवायचा दिवस होता. पहिल्या वर्षाच्या एका मुलीबरोबर तिची आई आली होती, शोभाबाई. दीपनगरच्या वीजकेंद्राजवळ कोळशाच्या राखेच्या विटा होतात तिथे त्या कामाला. सगळे पालक मणी बघून "छान" म्हणत पुढे गेले. शोभाबाई तिथेच थांबल्या. मग त्यांनी कनवटीची कागदाची पुडी काढली. लेक संकोचाने लाल झाली होती.

"मॅडम, ही आमची राख. रोज हाती धरते मी. वाळू कशी टोचते, ही टोचत नाही. मुठीत धरली का पाण्यासारखी निसटते. कायले निसटते, ते पाहायचं होतं मले."

मॅडमनी चिमूटभर राख पाण्यात कालवली, थेंब काचेवर घेतला आणि साधा दिवा लावला. आधी स्वतः पाहिलं. मग बाजूला झाल्या आणि शोभाबाईंना बसायला सांगितलं.

त्यांच्यानंतर मी पाहिलं. राखेत काचेचे गोल गोळे होते, भट्टीत वितळून थेंबासारखे थिजलेले. लहान, मोठे, शेकडो, आरपार दिसणारे. काही पोकळ. एकाच्या पोटात आणखी लहान गोळे भरलेले. आमच्या बाटलीतल्यांइतके सारखे नाहीत, पण गोल मात्र तसेच.

शोभाबाईंनी पुन्हा डोळा लावला. हाताची बोटं एकमेकांवर चोळत होत्या.

"माह्या हाताले म्हाईत होतं," त्या लेकीला म्हणाल्या. मग मॅडमकडे वळल्या. "हे असे मणी तुम्ही बाटलीतून विकत आणता?"

"हो."

"आमच्याकडे तर ढीग पडलाय." त्यांनी पुडी परत बांधली. मग अगदी मनापासून विचारलं, "पण मॅडम, इतके बारीक, इतके गोल, हे वळत कोण बसलं असंल?"